विश्लेषण : क्रिप्टो फ्युचर्समध्ये ‘शिस्त’ म्हणजे नेमके काय? २० पट लिव्हरेजचे गणित कुठे फसते?

११ ऑक्टोबर २०२५च्या पहाटे, भारतात अडीचच्या सुमारास, क्रिप्टो बाजार कोसळला. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा नुकतीच केली होती. अमेरिकेत तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती आणि तिथले शेअर बाजार बंद झाले होते. क्रिप्टोचा बाजार शनिवार-रविवारीही चालू असतो आणि मध्यरात्रीही. त्यामुळे सगळी घबराट तिथेच उतरली. त्या दिवशी १ लाख २२ हजार डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन १ लाख ५ हजार डॉलरपर्यंत खाली आला. अनेक छोटी नाणी काही मिनिटांत निम्म्याहून अधिक पडली. कॉइनग्लास या आकडेवारी देणाऱ्या संकेतस्थळानुसार २४ तासांत १९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे उसनवारीचे सौदे सक्तीने बंद केले गेले आणि सुमारे १६ लाख खात्यांना त्याची झळ बसली. क्रिप्टोच्या इतिहासातील एका दिवसातील हा सर्वांत मोठा आकडा.

भारतातले बहुतेक ग्राहक त्या वेळी झोपेत होते. सकाळी मोबाइल हातात घेतला तेव्हा अनेकांना ‘तुमची पोझिशन लिक्विडेट करण्यात आली आहे’ एवढाच संदेश दिसला. सकाळी ९ पर्यंत बाजार काही प्रमाणात सावरला होता. म्हणजे ज्याच्याकडे उसनवारी न करता घेतलेला बिटकॉइन होता, त्याचे नुकसान कागदावरचे राहिले. ज्याने तोच बिटकॉइन २० पट लिव्हरेजवर घेतला होता, त्याचा अंदाज पुढे बरोबर ठरला असता तरी त्याचा उपयोग नव्हता. तो खेळातून आधीच बाहेर पडला होता.

या घटनेनंतर टेलिग्राम आणि यूट्यूबवर नेहमीचा सल्ला पुन्हा सुरू झाला : ‘रिस्क मॅनेजमेंट पाळा, शिस्त ठेवा.’ सल्ला चुकीचा नाही, पण या शब्दांच्या आत काय आहे हे क्वचितच कुणी उलगडून सांगते. उलगडले, तर एक गैरसोयीची गोष्ट हाती लागते. जोखमीचे गणित प्रामाणिकपणे मांडले, तर ॲपवर दिसणाऱ्या २०, ५० किंवा १०० पट लिव्हरेजची गरजच उरत नाही.

लिव्हरेज म्हणजे नेमके काय घडते?

ग्राहक १० हजार रुपये मार्जिन म्हणून ठेवतो आणि २० पट लिव्हरेज निवडतो. त्याच्या नावावर २ लाख रुपयांचा सौदा उभा राहतो. बिटकॉइन १ टक्का वाढला तर २ हजार रुपये नफा, म्हणजे मार्जिनच्या २० टक्के. ॲप हाच २० टक्क्यांचा आकडा हिरव्या अक्षरांत दाखवते. १ टक्का पडला तर २ हजारांचा तोटा. ५ टक्के पडला तर मार्जिन शून्य.

प्रत्यक्षात शून्यापर्यंतही जाऊ दिले जात नाही. सौदा चालू ठेवायला किमान मार्जिन खात्यात असावे लागते. ते सौद्याच्या अर्धा टक्का धरले, तर २० पट लिव्हरेजवर साधारण साडेचार टक्क्यांची घसरण झाली की एक्स्चेंज स्वतःच सौदा बंद करते आणि त्याचे वेगळे शुल्कही कापते. ५० पटीवर हे अंतर दीड टक्का उरते, १०० पटीवर अर्धा टक्का. बिटकॉइन दिवसाला दोन-अडीच टक्के वर-खाली होणे ही बातमीही नसते. छोट्या नाण्यांमध्ये तेवढी हालचाल चहा पिऊन होईपर्यंत होते. ऑक्टोबरच्या त्या रात्री ७ पटीहून अधिक लिव्हरेजवर वरच्या भावाला बिटकॉइन घेतलेला आणि खात्यात जादा पैसे न ठेवलेला कुणीही टिकू शकत नव्हता. मग त्याचा अभ्यास कितीही चांगला असो.

शेअर बाजारातही मार्जिन असते. तिथे ब्रोकर फोन करतो, पैसे भरायला सांगतो, रात्र मध्ये येते, सर्किट लागते. क्रिप्टोत मार्जिन कॉलला कुणी फोन करत नाही. यंत्र विकून मोकळे होते.

इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. ‘१९ अब्ज डॉलर बुडाले’ असे मथळे त्या वेळी सर्वत्र झळकले. १९ अब्ज ही बंद केलेल्या सौद्यांची एकूण किंमत होती. ग्राहकांनी गमावलेले मार्जिन त्याहून कमी असणार, कारण सौद्यातला मोठा भाग उसना असतो. मात्र काही मोठी एक्स्चेंज लिक्विडेशनची संपूर्ण आकडेवारी देत नाहीत. त्यामुळे सौद्यांचा खरा आकडा १९ अब्जांहून मोठा असू शकतो, असे कॉइनग्लासनेही तेव्हा सांगितले होते.

‘पर्पेच्युअल’चा मीटर कसा चालतो?

भारतीय ॲपवर ‘फ्युचर्स’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा पर्पेच्युअल असते, म्हणजे संपण्याची तारीख नसलेला करार. अशा कराराची कल्पना अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी नव्वदच्या दशकात मांडली होती. क्रिप्टोत ती २०१६मध्ये बिटमेक्स या एक्स्चेंजने रुजवली. निफ्टीच्या फ्युचर्सला ठरलेल्या दिवशी मुदत संपते आणि भाव मूळ निर्देशांकाशी जुळतो. पर्पेच्युअलला मुदतच नाही. त्यामुळे त्याचा भाव मूळ बाजारभावाजवळ ठेवण्यासाठी ‘फंडिंग’ची योजना केलेली असते. करार महाग असेल तर तेजी करणारे मंदी करणाऱ्यांना पैसे देतात, स्वस्त असेल तर उलट. अनेक एक्स्चेंजवर ही देवाणघेवाण दर ८ तासांनी होते, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊला.

नेहमीच्या दिवसांत हा दर ०.०१ टक्का असतो. ऐकायला काहीच नाही. पण तो मार्जिनवर लागत नाही, पूर्ण सौद्यावर लागतो. २ लाखांच्या सौद्यावर एका वेळी २० रुपये, दिवसाला ६०, महिन्याला १,८००. म्हणजे १० हजारांच्या मार्जिनचे १८ टक्के केवळ सौदा उघडा ठेवण्याचे भाडे. गावातला सावकार शेकडा ३ रुपये महिना लावतो तर आपण त्याला पिळवणूक म्हणतो. इथे ग्राहकाला हा आकडा व्याज म्हणून दिसतच नाही. तेजीचा उन्माद असतो तेव्हा फंडिंग याच्या पाचपट-दहापट होते, आणि नेमक्या त्याच काळात नवे ग्राहक आत येत असतात.

त्यावर शुल्क. बाजारभावाने सौदा घेतला तर ०.०५ टक्क्याच्या आसपास, बंद करताना पुन्हा तेवढेच, वर १८ टक्के जीएसटी. २ लाखांच्या सौद्यावर एक फेरी जवळपास २३६ रुपयांना पडते. दिवसाला पाच फेऱ्या मारणाऱ्या तरुणाच्या १० हजारांतून रोज हजाराहून अधिक रुपये निघून जातात, बाजार एक टक्काही हलला नाही तरी.

जोखमीचे गणित कुठून सुरू करायचे?

बहुतेक नवखे ग्राहक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी लिव्हरेज निवडतात, मग सौदा घेतात, आणि तोटा दिसू लागला की स्टॉप लॉस कुठे लावावा याचा विचार करतात. अनुभवी सटोडिये, मग ते सोन्याचे असोत, कापसाचे असोत की रुपया-डॉलरचे, पहिला प्रश्न वेगळा विचारतात. हा अंदाज चुकला तर किती रुपये जातील?

समजा भांडवल १ लाख रुपये आहे. एका सौद्यात त्याच्या १ टक्क्याहून अधिक घालवायचे नाही, असे ठरवले. म्हणजे १ हजार रुपये. बिटकॉइनच्या रोजच्या चढउताराकडे पाहता स्टॉप लॉस भावापासून अडीच टक्के लांब ठेवावा लागेल, नाहीतर बाजाराच्या साध्या शिंकेनेही तो उडेल. आता भागाकार करायचा. १ हजार भागिले अडीच टक्के, उत्तर ४० हजार. एवढाच सौदा घेता येतो. भांडवल १ लाख आणि सौदा ४० हजारांचा. लिव्हरेज एक पटही झाले नाही.

धाडस दुप्पट केले, एका सौद्यात २ टक्के घालवायची तयारी ठेवली आणि स्टॉप लॉस १ टक्क्यावर आणला, तरी सौदा २ लाखांचा होतो. लिव्हरेज २ पट.

आता हेच गणित २० पटीवर करून पाहावे. १ लाखावर २० लाखांचा सौदा. तोटा १ हजारात ठेवायचा तर स्टॉप लॉस भावापासून ०.०५ टक्क्यावर लावावा लागेल. तेवढे तर नुसते एका बाजूचे शुल्क आहे. सौदा घेऊन लगेच बंद केला तरी शुल्क आणि जीएसटी मिळून २,३६० रुपये जातात, म्हणजे ठरवलेल्या तोट्याच्या दुपटीहून अधिक. आणि स्टॉप लॉस अडीच टक्क्यांवर नेला तर एका चुकीत ५० हजार. थोडक्यात, पूर्ण भांडवलावर २० पट घेऊन ‘रिस्क मॅनेजमेंट’ करता येत नाही. अशा सौद्यात शिस्त लावायला जागाच उरत नाही.

याला एक प्रामाणिक अपवाद आहे आणि तो सांगायला हवा. काही जाणकार मोठे लिव्हरेज वेगळ्या कारणासाठी वापरतात. त्यांना वरचाच ४० हजारांचा सौदा घ्यायचा असतो, पण एक्स्चेंजवर ४० हजार ठेवायचे नसतात. २० पट निवडून ते २ हजारच मार्जिन म्हणून ठेवतात, उरलेले भांडवल बँकेत. एक्स्चेंज बुडाले किंवा हॅक झाले तर नुकसान थोडक्यात. मात्र इतक्या कमी मार्जिनवर स्टॉप लॉस लिक्विडेशनच्या भावाअगोदर लागेल ना, हे त्यांना तपासावे लागते. इथे लिव्हरेजचा आकडा मोठा दिसतो, पण एकूण भांडवलाच्या तुलनेत सौदा छोटाच आहे. त्यामुळे ‘किती पट घेतले’ हा प्रश्नच फसवा आहे. सौदा भांडवलाच्या किती पट आहे, हे पाहावे.

सलग पाच वेळा चुकले तर?

नाणेफेकीसारखी निम्मी शक्यता धरली, तर १०० सौद्यांत कधी ना कधी सलग पाच तोटे येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ते येणारच असे गृहीत धरावे. प्रत्येक सौद्यात १ टक्का लावणाऱ्याचे या पाच फटक्यांत ५ टक्के जातात. २० टक्के लावणाऱ्याचे ६७ टक्के. आणि ६७ टक्के गमावलेल्याला मूळ जागी यायला उरलेल्या रकमेवर २०० टक्के कमवावे लागतात. निम्मे गमावलेल्याला १०० टक्के, ९० टक्के गमावलेल्याला ९०० टक्के. तोटा आणि भरपाई यांचा हा असमतोल शाळेतल्या शेकडेवारीचाच आहे, पण तोटा झाल्याच्या रात्री तो कुणाला आठवत नाही.

त्या रात्री आठवते ते वेगळेच. ‘एकच मोठा सौदा, आणि सगळे वसूल.’ डॅनियल कान्हेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्येच दाखवून दिले होते की, तोट्यात सापडलेला माणूस नफ्यातल्या माणसापेक्षा अधिक जुगारी होतो. खात्रीचा छोटा तोटा स्वीकारण्यापेक्षा तो मोठ्या तोट्याची जोखीम पत्करतो. भाव पडला की आणखी घेऊन ‘ॲव्हरेज’ करणे, स्टॉप लॉस खाली सरकवणे, खात्यात यूपीआयने आणखी पैसे टाकणे, ही सगळी त्याचीच रूपे. उसनवारी न केलेल्या शेअरमध्ये ॲव्हरेज करणारा निदान वाट पाहू शकतो. लिव्हरेजवर ॲव्हरेज करणारा लिक्विडेशनचा भाव स्वतःच्या हाताने जवळ ओढत असतो.

म्हणून शिस्त हा मनोनिग्रहाचा विषय मानणे घातक आहे. रात्री एक वाजता, तोट्यात, अंथरुणात पडून निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मनोनिग्रहावर कुठलीही योजना उभी करू नये. जे ठरवायचे ते सौद्याआधी, शांतपणे आणि यंत्राला बांधून ठरवायचे. सौदा घेतानाच स्टॉप लॉसची ऑर्डर लावायची, मनातल्या मनात नाही. ‘क्रॉस’ मार्जिनऐवजी ‘आयसोलेटेड’ निवडायचे, म्हणजे एक सौदा बुडाला तर खात्यातले बाकीचे पैसे ओढले जाणार नाहीत. दिवसाला ठरावीक तोटा झाला की त्या दिवशी ॲप बंद. शेअर बाजारातील काही ब्रोकरांनी यासाठी ‘किल स्विच’ दिले आहे, जे दाबले की काही तास सौदेच करता येत नाहीत. क्रिप्टो ॲपवर ही सोय मुख्य पडद्यावर असायला हवी होती. तिथे असतो लिव्हरेज वाढवण्याचा स्लायडर.

स्टॉप लॉस लावला की सुरक्षित?

नाही, आणि ऑक्टोबरच्या रात्रीचा सर्वांत मोठा धडा हाच होता. स्टॉप लॉस दोन प्रकारचे असतात. ‘स्टॉप लिमिट’मध्ये ठरलेल्या भावाखाली विकू नका, अशी सूचना असते. भाव त्या पातळीवरून उडी मारून खाली गेला तर ऑर्डर तशीच लटकत राहते आणि तोटा वाढत जातो. ‘स्टॉप मार्केट’मध्ये मिळेल त्या भावाने विक्री होते. सुटका बहुधा होते, पण घेणारेच गायब असतील तर मिळणारा भाव ठरलेल्याहून बराच खाली असू शकतो. छोट्या नाण्यांमध्ये त्या रात्री हेच झाले. वर ‘रिड्यूस ओन्ली’ ही खूण करायची राहिली, तर सौदा आधीच बंद झालेला असताना लटकलेली ऑर्डर भलताच उलटा सौदा उघडून ठेवते. हे बारकावे ॲपच्या मदत विभागात असतात. ते तोटा झाल्यावर वाचले जातात.

त्याहून विचित्र प्रकार ‘ऑटो-डिलिव्हरेजिंग’चा. बाजार इतक्या वेगाने पडतो की तोट्यातल्यांचे मार्जिन आणि एक्स्चेंजचा विमा निधी मिळूनही जिंकणाऱ्यांना द्यायला पैसे पुरत नाहीत, तेव्हा एक्स्चेंज जिंकणाऱ्यांचे सौदेही सक्तीने बंद करते. हायपरलिक्विडसह अनेक ठिकाणी त्या रात्री ही तरतूद वापरली गेली. ज्यांनी एकीकडे नाणे विकत घेऊन दुसरीकडे मंदीचा सौदा केला होता आणि आपण दोन्ही बाजूंनी झाकलेले आहोत असे मानले होते, त्यांची नफ्यातली मंदीची बाजू एक्स्चेंजने काढून घेतली आणि ते घसरणीत उघडे पडले. नियम पाळणाऱ्यांनाही फटका बसला. तो नियम करारात लिहिलेला होता, हे खरे.

बिनान्सवर तर यूएसडीई हे डॉलरशी जोडलेले नाणे काही काळ ६५ सेंटपर्यंत घसरले. ते मार्जिन म्हणून ठेवणाऱ्यांचे तारणच आटले आणि एरवी टिकले असते असे सौदे उडाले. बिनान्सने नंतर बाधित ग्राहकांना २८ कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. तारण म्हणून काय ठेवले आहे, याचाही जोखमीच्या हिशेबात समावेश करावा लागतो.

हुशारी किंवा अनुभवाने फरक पडतो का?

लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे दोन नोबेल विजेते भागीदार होते. लिव्हरेज होते सुमारे २५ पट. १९९८मध्ये रशियाने कर्ज बुडवले, बाजार त्यांच्या समीकरणांना न जुमानता हलले आणि बँकांच्या गटाला ३६० कोटी डॉलर ओतून तो फंड सावरावा लागला. त्यांच्या काही अंदाजांना बाजाराने नंतर दुजोराही दिला. तोवर टिकायला पैसे नव्हते.

अनुभवाचे म्हणाल तर ब्राझीलच्या संशोधकांनी तिथल्या शेअर निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये ३०० दिवसांहून अधिक काळ डे-ट्रेडिंग करणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातले ९७ टक्के तोट्यात होते. किमान वेतनाहून अधिक कमावणारे १.१ टक्के. भारतात सेबीच्या जुलै २०२५च्या अहवालानुसार २०२४-२५मध्ये शेअर बाजाराच्या डेरिव्हेटिव्हमध्ये उतरलेल्या ९१ टक्के वैयक्तिक ग्राहकांना तोटा झाला, एकूण निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींहून अधिक. आणि हा बाजार सेबीच्या देखरेखीखालचा, क्लिअरिंग कॉर्पोरेशनची हमी असलेला. क्रिप्टो फ्युचर्समध्ये दोन्ही नाही.

मग एवढे स्क्रीनशॉट कुठून येतात? ‘५०० टक्के नफा’चे कार्ड ॲपच तयार करून देते, एका बटणावर. त्यात टक्के दिसतात, रुपये दिसत नाहीत. ५०० रुपयांच्या मार्जिनवरचे ५०० टक्के म्हणजे अडीच हजार रुपये, हे कार्ड सांगत नाही. तोट्याचे कार्ड कुणी टाकत नाही. शिवाय ‘माझ्या लिंकवरून खाते उघडा’ म्हणणाऱ्याला अनेक ठिकाणी शुल्कातला वाटा मिळतो. शुल्क पूर्ण सौद्यावर असल्याने ग्राहकाचे लिव्हरेज जितके मोठे आणि सौदे जितके जास्त, तितकी त्याची कमाई मोठी. ग्राहक जिंकला की हरला, याने त्याला फरक पडत नाही.

भारतात नियम काय सांगतात?

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध रद्द केले. २०२२-२३पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. जुलै २०२२पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. फ्युचर्सच्या सौद्यात नाणे प्रत्यक्ष हातात येत नाही, म्हणून त्याला हे कलम लागत नाही, अशी जाहिरात काही प्लॅटफॉर्म करतात. कायद्यात तसे स्पष्ट शब्दांत लिहिलेले नाही, त्यामुळे विवरणपत्र भरताना चार्टर्ड अकाउंटंटला विचारणे शहाणपणाचे. या कररचनेचा एक परिणाम मात्र उलटा झालेला दिसतो. साधा बिटकॉइन घेऊन ठेवणे करामुळे महाग झाले आणि त्याहून कितीतरी धोकादायक असलेले फ्युचर्स ‘टीडीएस नाही’ म्हणून आकर्षक वाटू लागले.

मार्च २०२३पासून क्रिप्टो कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आणि त्यांना फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. बिनान्सला जून २०२४मध्ये १८.८२ कोटींचा, बायबिटला जानेवारी २०२५मध्ये ९.२७ कोटींचा दंड झाला. पण ‘एफआययू नोंदणीकृत’ ही पाटी ग्राहकाच्या पैशाची हमी देत नाही. काळा पैसा फिरतो का, एवढेच ती व्यवस्था पाहते. जुलै २०२४मध्ये वझीरएक्सवर हॅकरांनी २३ कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता पळवली, तेव्हा लाखो ग्राहकांचे पैसे अडकले आणि दाद मागायला सेबीसारखा दरवाजा नव्हता.

सर्वांत मोठी विसंगती लिव्हरेजची. शेअर बाजारात इंट्राडेसाठी ब्रोकर पूर्वी ग्राहकाला २०-३० पट मुभा देत. सेबीने डिसेंबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळात चार टप्प्यांत ती आवळली आणि आता शेअरमध्ये जास्तीत जास्त ५ पट मिळते. निर्देशांकाच्या डेरिव्हेटिव्हमध्ये नव्या कराराची किमान किंमत नोव्हेंबर २०२४पासून १५ लाख रुपये केली, जेणेकरून छोट्या खिशाचा माणूस सहज आत शिरू नये. त्याच माणसाच्या त्याच मोबाइलवर, शेजारच्या ॲपमध्ये, शेअरहून कितीतरी अस्थिर मालमत्तेवर काही शे रुपयांत ५० किंवा १०० पट मिळते. एक दार बंद केले आणि खिडकी सताड उघडी.

इतर देशांनी हे ओळखले आहे. जपानमध्ये २०२०पासून क्रिप्टोवर कायद्यानेच २ पटीची मर्यादा आहे. युरोपीय नियामकाने २०१८मध्ये क्रिप्टोवरील सीएफडी करारांना २ पटीची मर्यादा घातली, तर ब्रिटनने जानेवारी २०२१पासून सामान्य ग्राहकांना क्रिप्टो डेरिव्हेटिव्ह विकण्यावर बंदीच आणली. बिनान्सनेही जुलै २०२१मध्ये, टीका वाढल्यावर, नव्या ग्राहकांसाठी १२५ पटीवरून २० पटीवर आणले होते. कंपनीने मनात आणले तर मर्यादा एका दिवसात बसते, हे त्यातून दिसले. ती २ नसून २० का, याचे उत्तर शुल्काच्या हिशेबात आहे.

मर्यादा घातली तर ग्राहक परदेशी ॲपवर जातील, असा आक्षेप घेतला जातो. काही जातील. २०२२च्या टीडीएसनंतर तसे झालेही. पण डिसेंबर २०२३मध्ये नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, संकेतस्थळे रोखली गेली, आणि त्यातल्या मोठ्यांनी दंड भरून नोंदणी केली. भारतीय ग्राहक सोडायला कुणी तयार नाही. नोंदणीच्या अटींत लिव्हरेजची मर्यादा घालायची, तर एफआययूचे आजचे अधिकार पुरेसे नाहीत. त्यासाठी सेबी किंवा रिझर्व्ह बँकेकडे हा विषय स्पष्टपणे सोपवणारा कायदा लागेल. शेअर बाजारात चार टप्प्यांना नऊ महिने लागले होते. ब्रोकरांनी तेव्हाही धंदा बुडेल म्हणून ओरड केली होती, आणि त्यातले बहुतेक आजही दुकान मांडून बसले आहेत.